घुमटाला किती रंग लागेल

मु. बोरटोला, ता. कुही
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय हरकरे सर,
सादर नमस्कार.

मी सरिता नगरारे. दहावीच्या वर्षी इंदोऱ्याहून सायकलने तुमच्या रामदासपेठेतल्या घरी गणित शिकायला यायची, ती. बावीस वर्षं झाली, आठवत असेन की नाही माहीत नाही. तुमच्या घरच्या फोनचा नंबर मला अजून पाठ आहे. गेल्या आठवड्यात चार वेळा लावला. वाजत राहतो, कोणी उचलत नाही. म्हणून पत्र.

मी इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून सतरा मुलं. मी कुहीत खोली घेऊन राहते. यजमान चंद्रपूरला नोकरीत, महिन्यातून दोनदा येतात.

अडचण अशी. क्षेत्रफळ म्हणजे किती चौकोन बसतात, हे मुलांना नीट कळलं होतं. पाटी मोजली, वही मोजली. तेलाच्या डब्यावरचा कागद सोडवला, तो सरळ आयत निघाला, तर सगळे खूश. दुसऱ्या दिवशी रीना चेंडू घेऊन आली. "मॅडम, याले किती चौकोन लागते?" आम्ही कागदाचे चौकोन चिकटवत बसलो. सगळीकडे चुण्या पडल्या. तेव्हा प्रशिक म्हणाला, "मॅडम, गोल वस्तूले क्षेत्रफळ नसतेच." अर्धा वर्ग त्याच्या बाजूने झाला.

सोमवारी सांगते म्हणाले. तसे तीन सोमवार गेले. सूत्र मला येतं. फळ्यावर लिहिलं तर मुलं पाठही करतील. पण तुम्ही आम्हाला कोणतंच सूत्र असं आयतं दिलं नव्हतं. एवढ्या लहान मुलांना हे कसं दाखवायचं, सर?

काकूंना नमस्कार.
तुमची विद्यार्थिनी,
सरिता


रामदासपेठ, नागपूर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सरिता,
अनेक आशीर्वाद.

न आठवायला काय झालं? गुणाकार चुकला की तू पेन्सिलीचं टोक चावायचीस. वर्षाकाठी डझनभर पेन्सिली संपवल्यास.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. तुला कळवायला हवं होतं, पण पत्ता नव्हता. गौरांग बंगळुरूला असतो. माझं बरं चाललं आहे. सकाळी कांताबाई येते, पोळ्या करते, तासभर ओरडून बोलते आणि जाते. मग दिवस माझा. फोन मी घेत नाही, वयाचा परिणाम समज. पत्र मात्र जरूर लिही. तुझं पाकीट पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी ते लगेच फोडलं नाही. संध्याकाळसाठी ठेवलं.

आता प्रशिकविषयी. त्याला चूक म्हणू नकोस. डबा उलगडतो, कागदाची टोकदार टोपी उलगडते, चेंडू मात्र कसाही कापला तरी सपाट होत नाही. हे मोठमोठ्या लोकांना उशिरा कळलं, त्याला चौथीत कळलं. त्याला फक्त एवढंच विचार: चेंडूला रंग द्यायचा तर रंग लागेल की नाही? लागत असेल तर क्षेत्रफळ आहे. मोजायची वाट वेगळी आहे, इतकंच.

सध्या आंबिया बहाराची संत्री आहेत. संत्रं मधोमध कापून त्याच्या तोंडाभोवती कागदावर चार वर्तुळं काढायची. मग सगळी साल बारीक तुकडे करून त्या वर्तुळांत भरायची. किती वर्तुळं भरतात ते मुलांनाच सांगू दे. तू बोलू नकोस.

तुझा,
शरच्चंद्र हरकरे


बोरटोला
९ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

काकूंचं वाचून दिवसभर काही सुचलं नाही. मी त्यांच्या हातचं किती वेळा जेवले आहे.

संत्र्यांचं काही जमलं नाही. कोणाची साडेतीन वर्तुळं भरली, कोणाची साडेचार. रीना म्हणाली, "संत्रं गोल कुठं हाय मॅडम, चपटं तं हाय." तिचं खरंच आहे. शेवटी संत्री खाऊन झाली आणि प्रश्न तसाच राहिला.

त्यात आता खरंच काम निघालं आहे. शाळेला लागून गावाचं बुद्ध विहार आहे. त्याच्यावर अर्ध्या चेंडूसारखा घुमट आहे. चौदा एप्रिलच्या आधी तो रंगवायचा आहे. समितीचे देवरावकाका शाळेत आले होते. गमतीने म्हणाले, "सांगा रे पोट्टेहो, किती रंग लागन?" प्रशिकने ती गंमत म्हणून घेतलीच नाही. म्हणाला, "आमी सांगतो काका. तोपर्यंत तुमी रंग आणू नका." देवरावकाकांनीही मान डोलावली. आता ते रोज शाळेवरून जाताना विचारतात, झालं का गणित.

सर, तुम्ही एक दिवस याल का? विहाराच्या सभागृहात सगळी मुलं बसवू. तुम्ही बोलायला लागलात की दगडालाही गणित समजतं, हे मी मुलांना सांगून ठेवलं आहे.

तुमची,
सरिता


रामदासपेठ
१६ डिसेंबर २०२४

चि. सरिता,
आशीर्वाद.

संत्र्याचा नाद माझा, दोषही माझाच. आता असं कर. रबरी चेंडू मधोमध काप. अर्ध्या चेंडूच्या माथ्यावर टाचणी लाव आणि तिथून जाड सूत गोल गोल गुंडाळत कडेपर्यंत आण. मधे फट नको, सुतावर सूत चढायला नको. तुझ्याकडे कामठीहून कोणी येत असेल तर तिथल्या हातमागवाल्यांकडे असं सूत मिळतं. मग त्याच अर्ध्या चेंडूचं तोंड कागदावर ठेवून वर्तुळ काढ आणि तेही मधून कडेपर्यंत तसंच सुताने भर. दोन्ही सुतं सोडवून शेजारी शेजारी लांब करून ठेव. बाकी मुलं बघतील.

येणं मात्र जमेलसं वाटत नाही. गुडघा धरला आहे. थंडी ओसरल्यावर बघू.

मला आणखी लिही. कोण काय म्हणालं, ते सगळं लिही. इथे आवाज फक्त कांताबाईचा आणि समोरच्या दवाखान्यातल्या जनरेटरचा.

तुझा,
शरच्चंद्र हरकरे


बोरटोला
४ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

सूत घसरतं. माथ्यावर दोन-तीन वेढे बसतात, मग सगळं सुटून खाली येतं. डिंक लावला तर बोटं चिकटली. सतरा मुलं आणि एकही चेंडू पुरा गुंडाळला गेला नाही. प्रशिक परत म्हणायला लागला आहे की नसतेच.

सर, तुम्ही यायलाच हवं. गुडघ्यासाठी देवरावकाका गाडी तुमच्या दाराशी पाठवतील. मी रविवारी, बारा तारखेला नागपूरला येते आहे. अकराच्या सुमाराला घरी येईन, तेव्हा दिवस ठरवू.

सरिता


रामदासपेठ
८ जानेवारी २०२५

चि. सरिता,
रविवारी येऊ नकोस. पाहुणे आहेत, घरात गडबड आहे. पुन्हा कधीतरी. पत्र मिळताच कळव.

शरच्चंद्र हरकरे


बोरटोला
१४ जानेवारी २०२५

श्री. हरकरे सर यांस,
जयभीम.

पाहुणे असल्याचं तुमचं पत्र मला आज मिळालं. मी रविवारी येऊन गेले.

बेल तीनदा दाबली. तुम्ही खिडकीत होतात. आपली नजरानजर झाली, हे तुम्हीही नाकारणार नाही. मग पडदा ओढला गेला. मी वीस मिनिटं फाटकाशी उभी होते. मनात म्हटलं, गुडघा दुखतो, यायला वेळ लागत असेल. घरात पाहुण्यांचा आवाज काही आला नाही.

आमचे मुख्याध्यापक चंपतराव गुरुजी महिन्याभरापूर्वी म्हणाले होते, "मॅडम, विहाराच्या कामाले रामदासपेठेतले सर काहून येतील?" मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, त्या घरात मी त्यांच्याच टेबलावर बसून जेवले आहे. काकू माझ्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढायच्या. तुम्हाला काय माहीत? असं खूप काही बोलले. आता गुरुजी काही विचारत नाहीत, पण मीच त्यांच्याकडे बघत नाही.

माझ्या आयुष्यात अशी काही दारं होती, की ती उघडणार नाहीत हे मला आधीपासून माहीत असायचं. तुमचं दार मी त्यांत कधी धरलं नव्हतं.

मुलांना आता सूत्रच फळ्यावर लिहून देते. तसदी दिल्याबद्दल क्षमा करा.

सरिता नगरारे


रामदासपेठ
२० जानेवारी २०२५

चि. सरिता,

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. आता खरं लिहितो.

मला बोलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी घशाला कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. तंबाखूला कधी हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले, असंही होतं. गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास तिथून चालतो. त्यावर पातळ फडकं बांधतो. गुडघा ठणठणीत आहे. पाहुणे नव्हते. गौरांग दिवाळीत चार दिवस येऊन गेला. मी वहीवर लिहायचो, तो वाचायचा आणि मग आम्ही टीव्ही बघायचो.

कांताबाईला वाटतं, ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार. म्हणून ती कानाशी येऊन ओरडते, "सर, पोया झाल्या, झाकून ठेवल्या." मी तिला कधी सांगितलं नाही. तेवढ्या मोठ्याने का होईना, कोणीतरी बोलतं.

तुझा फोन वाजायचा तेव्हा मी शेजारीच बसलेला असायचो. रविवारी तुला बघितलं आणि दाराशी आलोही होतो. कडीवर हात होता. दार उघडलं असतं तर तू "सर" म्हणाली असतीस, मी तोंड हलवलं असतं आणि गळ्यातून नुसती हवा फसफसली असती. जी मुलगी माझं बोलणं ऐकून गणित शिकली, तिच्यासमोर ते मला जमलं नाही. पत्रात मी अजून पूर्वीचाच असतो, सरिता. तेवढी एक जागा मला सोडायची नव्हती.

तुझ्या मनात जे आलं, ते यायला आपल्याकडे कारणं पुष्कळ आहेत. मी त्यांत एकाची भर घातली. माझी लाज झाकायला मी तुझा अपमान होऊ दिला, त्याला क्षमा मागण्याइतकी माझी लायकी आहे का, माहीत नाही. चंपतराव गुरुजींना हे पत्र खुशाल दाखव.

सूत्र मात्र फळ्यावर लिहू नकोस.

शरच्चंद्र हरकरे


रामदासपेठ
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सरिता,
आशीर्वाद.

तीन आठवडे तुझं पत्र नाही. राग धरायचा तुला अधिकार आहे. पण ते सूत्र फळ्यावर जाईल, हा विचार मला बसू देईना. मंगळवारी सकाळी मी चेंडू आणि सुताचा गुंडा पिशवीत टाकला आणि कुहीची बस धरली. कंडक्टरला चिठ्ठी दाखवली, त्याने ती दोनदा मोठ्याने वाचली. कुहीहून तुमच्या गावाची ऑटो मिळाली.

शाळेत आलो तर तू प्रशिक्षणाला नागपुरात. खरं सांगतो, मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. परतायला निघालो होतो. चंपतराव गुरुजी म्हणाले, "परतीची गाडी तीन वाजता हाय. तोपर्यंत पोरांजवळ बसा." तुझं नाव त्यांनी काढलं नाही. खुर्ची आपल्या हाताने आणून दिली.

फळ्यावर लिहिलं: मी तुमच्या मॅडमचा शिक्षक. मला बोलता येत नाही. ऐकू येतं. रीनाने ते खणखणीत वाचलं. मग गंमत अशी झाली की मुलंही बोलेनात. सगळी खुणा करायला लागली. मला पुन्हा लिहावं लागलं: तुम्ही बोला.

सूत घसरतं हे तू लिहिलं होतंस, त्यावर मी घरी दहा दिवस घालवले. उपाय भाताच्या पेजेत निघाला. सूत पेजेत भिजवून गुंडाळलं की घसरत नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी भांडंभर पेज करून दिली. मी एक चेंडू गुंडाळून दाखवला, बाकीचे मुलांनी केले. प्रशिक लांब बसून होता. दोन सुतं व्हरांड्यात लांब करायची वेळ आली तेव्हा उठला. चेंडूवरचं सूत सरळ टाकलं. वर्तुळातलं सूत त्याच्या शेजारी ठेवलं, टोकाला बोट ठेवलं, आणि तेच सूत पुढे सरकवून पुन्हा ठेवलं. ते बरोबर कडेला येऊन संपलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून ठेवून बघितलं. मग हळूच म्हणाला, "दोनदा बसते."

मला राहवलं नाही असं मी पूर्वी म्हटलं असतं आणि लगेच पुढचं सांगून टाकलं असतं. बत्तीस वर्षं मी तेच केलं. मुलांच्या ओठावर आलेलं मी आधीच बोलून टाकत असे. परवा बोलताच येत नव्हतं, म्हणून थांबावं लागलं. रीना म्हणाली, "म्हंजे पुऱ्या चेंडूले चार वर्तुळं." तोवर मी खडू हातात धरून नुसता उभा होतो.

मग आम्ही विहाराकडे गेलो. घुमटाच्या बुडाला दोरी फिरवून माप घेतलं, चव्वेचाळीस फूट भरलं. अंगणात काठी रोवून सात फुटांच्या दोरीने तेवढंच वर्तुळ आखलं आणि फूट-फूट चौकोन काढले. मुलांनी ते गुडघ्यांवर बसून मोजले. अर्धे-मुर्धे जुळवून एकशे बावन्न आले. त्यांची दुप्पट तीनशे चार. देवराव अंगणात येऊन उभे होते. त्यांनी चप्पल काढून वर्तुळाच्या बाहेर ठेवली.

तीनची गाडी चुकली. सातला घरी आलो.

तुझा,
शरच्चंद्र हरकरे


बोरटोला
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुमचं वीस तारखेचं पत्र मिळाल्यावर मी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. क्षमेचं लिहिलं तर ते खोटं वाटायचं, काळजीचं लिहिलं तर दया केल्यासारखं. म्हटलं, प्रशिक्षणाला नागपूरला जायचंच आहे, समोर जाऊन उभी राहीन.

मंगळवारी चार वाजता सुटले ती थेट तुमच्याकडे आले. दाराला कुलूप. मला भलभलतं वाटायला लागलं. शेजारच्या बंगल्यातून कांताबाई निघाल्या. म्हणाल्या, "सर तं सकायीच गेले, बाई. कुठं गेले मले काय मालूम. दोन वर्सांत पयल्यांदा घराले कुलूप पाहून राहिली मी." आम्ही दोघी पायरीवर बसलो. सहापर्यंत वाट पाहिली, मग माझी गाडी होती म्हणून उठले. तुम्ही तेव्हा माझ्या शाळेतून निघून परतीच्या बसमध्ये असाल.

कांताबाईंना मी सांगितलं की तुम्हाला ऐकू येतं. मग म्हणाल्या, "मंग मी इतके दिवस वरडून काहून राहिली?" आणि डोळ्याला पदर लावला. मी सांगायला नको होतं का?

शाळेत आले तर मुलं मला शिकवायला बसली. एक शब्द न बोलता. प्रशिकने माझ्या हातात सूत दिलं आणि फळ्याकडे बोट दाखवलं. तिथे अजून तुमचं अक्षर आहे. कोणी पुसू देत नाही.

चंपतराव गुरुजींना पत्र दाखवलं. त्यांनी वाचून घडी घालून परत दिलं आणि चहा मागवला.

तुमची,
सरिता


बोरटोला
२५ मार्च २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

घुमट रंगवून झाला. मुलांनी आधी शाळेच्या मागच्या भिंतीवर लिटरभर रंग दोन हात देऊन बघितला. पन्नास चौरस फूट झाली. त्यावरून सहा लिटर आणि सांडलं-लवंडलं तर वर अर्धा, असे साडेसहा लिटर सांगितले. देवरावकाकांनी तेवढाच आणला. पश्चिमेकडून थोडा कमी पडला. कोणीतरी म्हणालं, पोरं चुकली. प्रशिक म्हणाला, "गणित बरोबर हाय. तिकडची भिंत तहानेली होती." जुना गिलावा होता, रंग प्यायला. अर्धा लिटर आणखी आणावा लागला.

मुलं रोज विचारतात, सर कधी येतील. मीही विचारते. शनिवारी शाळा सकाळची असते. दर शनिवारी याल का? मला शिकवता येतं सर, तुम्ही नसलात तरी चालेल. पण शाळा सुटल्यावर मी कुहीतल्या खोलीवर जाते आणि यजमान आलेले नसले की सोमवारपर्यंत माझ्याशीही कोणी बोलत नाही. तुम्ही आलात तर दोघं जेवू.

सरिता


रामदासपेठ
३० मार्च २०२५

चि. सरिता,
अनेक आशीर्वाद.

कांताबाईला सांगितलंस ते चांगलं केलंस. पहिले काही दिवस ती बोलेचना. ते फार जड गेलं. आता खालच्या आवाजात बोलते. मला कळलं की तिचा आवाज मुळात गोड आहे.

शनिवारी पहिल्या बसने येतो. घ्यायला येऊ नकोस, रस्ता माहीत झाला आहे. जेवायला साधा वरणभात कर, मऊ.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. त्या दिवशी पेजेत हात घालायला वाकलो आणि गळ्यावरचं फडकं सुटलं. मुलांनी बघितलं. मी पटकन बांधायला लागलो. सगळी आपापल्या चेंडूंकडे बघायला लागली. रीना मात्र उठून जवळ आली आणि म्हणाली, "सर, दुखते का?"

दोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारतात, पण ते कागदावर लिहून घ्यायला. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: नाही. तिने वाचलं, मान हलवली आणि जाग्यावर बसली.

सरिता, ते उत्तर चूक आहे. दुखतं. तू म्हणतेस मुलं माझं अक्षर पुसू देत नाहीत, म्हणजे ते अजून तिथेच असणार. शनिवारी आल्याबरोबर आधी तेवढं पुसून बरोबर लिहायचं आहे.

तुझा,
शरच्चंद्र हरकरे